नॉमिनी नसलेल्या ठेवी आणि कोर्टाचं प्रमाणपत्र: आमचा अनुभव

डिसेंबर 2024 मध्ये बाबा गेले. त्यांच्या नावावरच्या ठेवी आईच्या खात्यात जमा झाल्या त्या जानेवारी 2026 मध्ये. मधला सगळा काळ बँक, वकील आणि दिवाणी न्यायालय यांच्या फेऱ्यांत गेला. आमच्या घरात याआधी कुणी कोर्टात गेलेलं नव्हतं. ज्याला सांगावं तो म्हणायचा, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ऐकून आई आणखी घाबरायची, कारण आमच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. आमच्यासारखेच कुणी आत्ता त्या पायरीशी उभे असतील, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

बाबा निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर आलेल्या पैशातून त्यांनी एका सहकारी बँकेत ठेवी ठेवल्या होत्या, सगळ्या मिळून साधारण अकरा लाख. शिवाय थोडे शेअर्स. एकाही पावतीवर नॉमिनी नव्हता. जानेवारीत मी आणि आई मृत्यू दाखला घेऊन बँकेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि शेवटी एकच वाक्य सांगितलं, "कोर्टाचा वारस दाखला आणा."

पहिला महिना गेला तो नेमकं काय आणायचं हे समजून घेण्यात. वारसाचे तीन वेगवेगळे कागद असतात आणि सगळे लोक सगळ्यांना वारस दाखलाच म्हणतात. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायचा, त्याला कोर्ट लागत नाही. दुसरा कागद म्हणजे कोर्टातून मिळणारा वारस दाखला. तो आपल्याकडे अजूनही 1827 च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली दिला जातो आणि घर-जमिनीच्या कामात तो मागतात. तिसरा, भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 खालचं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र. मृताचं बँकेकडचं येणं, ठेवी, शेअर्स, रोखे यांच्यासाठी हेच लागतं. आम्हाला हे तिसरं हवं होतं. बँकेकडून लेखी घ्या, असा सल्ला एका ओळखीच्यांनी दिला आणि तो फार मोलाचा ठरला. बँकेने पत्रावर कायद्याचं नाव लिहून दिलं, त्यामुळे पुढे कुणाला काही समजावत बसावं लागलं नाही.

फेब्रुवारी कागद शोधण्यात गेला. प्रमाणपत्रात प्रत्येक ठेव, प्रत्येक शेअर यादीनिशी लिहिला जातो. जे यादीत नाही ते मिळत नाही. नंतर काही सापडलं तर कलम 376 खाली प्रमाणपत्रात वाढ करून घेता येते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी. म्हणून आम्ही बाबांची ट्रंक, कपाट, जुन्या डायऱ्या सगळं पाहिलं. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर बाबांच्या नावाने शोध घेतला. बँक त्या पोर्टलवर असेल तर दहा वर्षांहून जास्त काळ कुणी हात न लावलेल्या ठेवी तिथे दिसतात. आमचं तिथे काही निघालं नाही, पण आईच्या मनातली शंका मिटली. बँकेकडून मृत्यूच्या तारखेला प्रत्येक ठेवीत किती रक्कम होती याचं शिक्क्याचं पत्र घेतलं. मृत्यू दाखल्याच्या मूळ प्रती चार-पाच काढून ठेवा. प्रत्येक जण मूळ प्रत बघायला मागतो आणि एखादा ठेवूनही घेतो.

एक अडचण लगेच दिसली. दोन पावत्यांवर बाबांच्या नावापुढे 'राव' होतं, आधारवर नव्हतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं आईचं प्रतिज्ञापत्र आणि बँकेचं तसंच पत्र, अशी दोन्ही कागदपत्रं अर्जालाच जोडली. हे काम सुरुवातीलाच करून घ्यावं. साक्षीपुराव्याच्या वेळी प्रश्न निघाला की सरळ एक तारीख जाते.

मार्चमध्ये वकील मॅडमना भेटलो. त्यांची फी तीस हजार ठरली, निम्मी अर्ज दाखल करताना आणि निम्मी आदेशानंतर. आम्हाला हे झेपणारं होतं. ज्यांना झेपणार नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जरूर जावं, ते बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. 15100 या हेल्पलाइनवरही माहिती मिळते. नवरा गेल्यावर एकट्या पडलेल्या कितीतरी बायकांना हे कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्याच भेटीत मॅडमनी विचारलं, "तुमच्या वडिलांची आई हयात आहे का?" आजी आहे, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, आमच्याजवळच असते. मॅडम म्हणाल्या, "मग त्याही वारस." आमचा सगळा हिशेब तोपर्यंत आई, दादा आणि मी असा तिघांचा होता. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे मृत पुरुषाची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, आणि आमच्यासारख्या घरात प्रत्येकाचा वाटा सारखा. म्हणजे आजीचा चौथा हिस्सा. मुलगा गेल्यावर त्याच्या आईला विसरायची चूक अनेक अर्जांत होते, असं मॅडम म्हणाल्या. असा वारस लपवून मिळवलेलं प्रमाणपत्र पुढे रद्द होऊ शकतं.

ठरलं असं, की आई अर्जदार, आणि दादा, मी आणि आजी तिघेही संमती देणार. मॅडमनी आणखी एक गोष्ट स्पष्ट करून सांगितली. प्रमाणपत्र आईच्या नावावर आलं म्हणून सगळी रक्कम एकट्या आईच्या मालकीची होत नाही. बँकेकडून पैसे घेण्याचा अधिकार तिला मिळतो आणि तिला पैसे देणारी बँक मोकळी होते. वाटणीचा हक्क तसाच राहतो. भावंडांत थोडी जरी कुरबूर असेल तर ही गोष्ट आधी बोलून घ्यावी.

एप्रिलच्या शेवटी दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात अर्ज दाखल झाला. बाहेरच्या टायपिंगवाल्याने प्रतिज्ञापत्रांसाठी पाचशेचे स्टँपपेपर आणायला सांगितले होते. मॅडमनी थांबवलं. न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात 1 जुलै 2004 पासून माफ आहे, साध्या कागदावर चालतं. चार प्रतिज्ञापत्रांचे दोन हजार वाचले.

अर्ज नोंदला गेला की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळतो, महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो. हा नंबर त्याच दिवशी मागून घ्या. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अ‍ॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, आजवर काय झालं, आदेश झाला असेल तर तोसुद्धा दिसतो. दादा पुण्यात असतो. तो रोज रात्री अ‍ॅप उघडायचा आणि मला फोन करून विचारायचा, "अजून तेच दिसतंय, काही अडलंय का?" अडलं काहीच नव्हतं. मे महिन्याची उन्हाळी सुट्टी लागली होती आणि तारीख पडली होती जूनची.

जूनमध्ये मी आणि आई पहिल्यांदा कोर्टात गेलो. त्या महिन्यात बदल्या होऊन नवे न्यायाधीश आले होते, त्यामुळे बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, लांबलचक. अकराला न्यायाधीश आसनावर आले, सगळे उभे राहिले. मग पट्टेवाल्यांचे पुकारे सुरू झाले. आमचा पुकारा दुपारच्या सुट्टीआधी झाला. मॅडम पुढे गेल्या, दोन वाक्यं बोलल्या, न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं आणि आम्ही बाहेर आलो. आई व्हरांड्यात येऊन म्हणाली, "एवढंच? यासाठी आलो आपण?" तिचा चेहरा उतरला होता.

त्या दिवशी मॅडमनी मला बेंच क्लार्कच्या टेबलाशी नेऊन रोजनामा दाखवला. प्रत्येक प्रकरणाच्या फाईलला हा रोजनामा असतो. त्या त्या तारखेला काय घडलं आणि पुढची तारीख कशासाठी, हे त्यात लिहिलेलं असतं. आमच्या नोंदीत होतं, जाहीर नोटीस काढावी, पुढील तारीख जुलै. म्हणजे त्या दोन मिनिटांत कोर्टाने अर्ज पुढे चालवायला घेतला होता आणि नोटिशीचा हुकूम दिला होता. मला त्या वहीवजा कागदाने जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या शब्दांनी दिला नाही. तेव्हापासून कोर्टातून निघताना मी मॅडमना न चुकता विचारायची, आज काय झालं, पुढची तारीख कशासाठी, आणि त्या तारखेला आमच्यापैकी कुणी यायला हवं का. तिसऱ्या प्रश्नामुळे आईच्या बऱ्याच फेऱ्या वाचल्या, कारण निम्म्या तारखांना अर्जदाराची गरज नसते. हे तीन प्रश्न विचारायला बिलकूल संकोच करू नका. वकिलांच्या मागे गर्दी असते, ते आपणहून प्रत्येक वेळी सांगतीलच असं नाही, पण विचारलं तर सांगतात.

जुलैत नोटीस निघाली. एक प्रत कोर्टाच्या फलकावर लागते, एक वर्तमानपत्रात छापायची असते, आणि आमच्या प्रकरणात बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या नोटिसा पोचवणारे कर्मचारी, घरी येऊन एक प्रत दारावर लावून गेले. दारावरची नोटीस बघून आईला रडू आलं. जाता-येता लोक थांबून वाचत होते. "ज्याअर्थी अर्जदार यांनी... त्याअर्थी तमाम लोकांस कळविण्यात येते की..." अशी भाषा, खाली कोर्टाचा गोल शिक्का. शेजारच्या काकूंना वाटलं घरावर जप्ती आली. मी संध्याकाळी चार घरी जाऊन सांगून आले की ही फक्त हरकतीसाठीची नोटीस आहे, एक महिन्याच्या आत कुणाची हरकत असेल तर त्याने कोर्टात यावं एवढाच तिचा अर्थ. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर बेलिफ येणार हे त्यांना आधी सांगून ठेवा.

वर्तमानपत्रातल्या नोटिशीला चार हजार पडले. छापून आली तेव्हा अर्जाच्या क्रमांकातलं वर्षच चुकलेलं. मॅडम म्हणाल्या, अशी नोटीस ग्राह्य धरली जाणार नाही. वर्तमानपत्रवाल्यांनी चूक मान्य करून पैसे न घेता पुन्हा छापली, पण एक महिन्याची मुदत नव्याने सुरू झाली. जाहिरात देताना प्रूफ पाठवायला सांगा आणि अर्ज क्रमांक, वर्ष, मृताचं नाव, मृत्यूची तारीख या चार गोष्टी कोर्टाच्या मसुद्याशी ताडून बघा. छापलेला अख्खा अंक जपून ठेवा, नुसतं कात्रण नको.

ऑगस्ट असा वाट बघण्यात गेला. त्याच महिन्यात, 18 ऑगस्ट 2025 पासून, मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ते आहे आणि त्यातल्याच एका जिल्ह्यात आम्ही राहतो. आमच्या अर्जाचा हायकोर्टाशी काही संबंध नव्हता, पण त्या आठवड्यात कोर्टाच्या आवारात दुसरा विषयच नव्हता. या मागणीसाठी वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली होती. कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी बसलेले एक शेतकरी सांगत होते, जमिनीच्या अपिलासाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, दुसऱ्या दिवशी पुकारा झाला नाही की तसंच परतायचं. आता कोल्हापूर म्हणजे दिवसात जाऊन येता येईल. त्यांच्या आवाजातला सुटकेचा भाव ऐकून मलाही फार बरं वाटलं.

कुणाची हरकत आली नाही. गणपती झाल्यावर सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुराव्याची तारीख होती. आईचं सरतपासाचं, म्हणजे तिची साक्ष लिहिलेलं, प्रतिज्ञापत्र आधीच दाखल केलं होतं. मूळ कागद हजर करायचे होते, त्यांना पुरावा म्हणून एकेक निशाणी क्रमांक पडला. त्या दिवशी चौघांनीही यायचं होतं. कोर्ट दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मॅडमनी सकाळीच अर्ज देऊन ठेवला होता की वृद्ध व्यक्ती हजर आहे, प्रकरण लवकर पुकारावं. असा अर्ज देता येतो, हे लक्षात ठेवा. दादाने आणि एका पट्टेवाल्याने मिळून आजीला खुर्चीवर बसवून वर आणलं.

आधी आई साक्षीच्या पिंजऱ्यात गेली. ईश्वरसाक्ष शपथ घेताना तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. न्यायाधीशांनी मराठीतच विचारलं. पतीने मृत्युपत्र केलं होतं का? दुसरं लग्न, आणखी मुलं? कुणाचं देणं? या पैशावर आणखी कुणाचा हक्क? प्रत्येक उत्तर लघुलेखकाला सांगून लिहून घेतलं. प्रश्न कोरडे आणि थोडे बोचणारेही असतात. आईला आदल्या रात्री मॅडमनी फोनवर सांगून ठेवलं होतं, की हे प्रश्न सगळ्यांना विचारतात, मनाला लावून घेऊ नका. त्याचा उपयोग झाला.

मग आजी. तिला पिंजऱ्यात चढवलं नाही, खुर्ची न्यायाधीशांच्या टेबलाजवळ सरकवली. ते थोडे पुढे वाकून मोठ्याने म्हणाले, "आजी, मुलाच्या पैशात तुमचाही चौथा हिस्सा आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?"

"सांगितलंय."

"तरी दाखला सुनेच्या नावावर द्यायला तुमची हरकत नाही?"

"नाही. ती मला बघते."

"घरच्यांनी असं बोला म्हणून सांगितलंय का?"

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "साहेब, पोरगाच नाही राहिला. पैसा कुणाच्या नावावर हाय त्यानं मला काय व्हतंय?" न्यायाधीशांनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि मग तिच्या संमतीची नोंद लिहून घ्यायला सांगितली. तिचा डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मला तोपर्यंत ते तिसऱ्यांदा का विचारतायत असं वाटत होतं. नंतर लक्षात आलं, की घरच्यांच्या दडपणाखाली अंगठा देणाऱ्या बायका त्यांनी रोज पाहिल्या असणार. माझ्या आजीचा हक्क त्या खोलीत आमच्यापेक्षा त्यांनी जास्त जपला, असं मी आजही मानते.

आता फक्त आदेश बाकी होता आणि नेमका तिथेच वेळ गेला. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर, प्रभारी न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. मग दिवाळीची सुट्टी. याच दिवसांत, 26 सप्टेंबर 2025 ला, रिझर्व्ह बँकेचे मृत ग्राहकांच्या दाव्यांबाबतचे नवे निर्देश आले आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले, "उगाच कोर्टात गेलात." नॉमिनी नसेल आणि वाद नसेल तर ठरावीक मर्यादेपर्यंत बँकांनी सोप्या कागदपत्रांवर दावा निकाली काढावा, असं त्यात आहे. सहकारी बँकांसाठी ही मर्यादा पाच लाख आणि इतर बँकांसाठी पंधरा लाख. बँकांना त्यासाठी 31 मार्च 2026 पर्यंत मुदत होती. आमची रक्कम सहकारी बँकेच्या मर्यादेच्या वर होती, म्हणून ही सोपी वाट आम्हाला लागू नव्हती. पण तुमची रक्कम या मर्यादेत बसत असेल तर वकिलाकडे जाण्याआधी बँकेत जाऊन या निर्देशांप्रमाणे दावा अर्ज मागा.

नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात एका दुपारी अ‍ॅपवर अर्ज मंजूर झाल्याचं दिसलं. दादाने मला आणि मी आईला फोन केला. आई देवघरासमोर जाऊन बसली.

आदेश म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. आदेशाप्रमाणे कोर्ट फी भरावी लागते, मग प्रमाणपत्र तयार होतं, त्यावर सही-शिक्का होतो. ही फी ठेवी आणि शेअर्सच्या एकूण रकमेवर टप्प्याटप्प्याने मोजतात आणि आमच्या सगळ्या खर्चात सर्वांत मोठा आकडा हाच होता, वकिलांच्या फीपेक्षाही मोठा. पहिल्या भेटीतच वकिलांकडून हा आकडा कागदावर मांडून घ्या, म्हणजे ऐन वेळी उसनवारी करावी लागत नाही. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी असं किरकोळ मिळून तीनेक हजार गेले.

प्रमाणपत्र डिसेंबरमध्ये हातात आलं. तिथल्या तिथे टेबलाशी उभं राहून प्रत्येक पावतीचा क्रमांक, रक्कम, नावाचं स्पेलिंग यादीशी जुळवून बघितलं. नक्कल विभागात अर्ज देऊन तीन प्रमाणित नकला मागितल्या. मूळ प्रत बँकेला फक्त दाखवायची, सोडायची नाही.

बँकेत एक नवाच प्रश्न निघाला. मधल्या काळात दोन ठेवींचं आपोआप नूतनीकरण होऊन पावती क्रमांक बदलले होते. प्रमाणपत्रात जुने क्रमांक. सुदैवाने मॅडमनी अर्जाच्या यादीतच "त्यावरील व्याज व नूतनीकरणासह" असे शब्द घातले होते आणि आदेशातही ते आले होते. तुमच्या वकिलांना हे शब्द घालायला सांगा. शाखेने जुन्या-नव्या क्रमांकांचं टिपण मुख्य कार्यालयाला पाठवलं आणि तीन आठवड्यांत रक्कम जमा झाली. शेअर्सचं काम अजून चालू आहे.

आईने चौथा हिस्सा मोजून आजीच्या नावाने वेगळी ठेव केली. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. दोघींच्या फॉर्मवर नावं भरून, पोच घेऊन आम्ही ती पावत्यांनाच टाचून ठेवली आहे.